पळीभर तेल आणि सिद्धान्तशिरोमणी

पाटण्याच्या शिलालेखात एका जागी भाषा बदलते. तोवर सगळा मजकूर संस्कृत श्लोकांत चाललेला असतो. राजांच्या वंशावळी, पंडितांच्या वंशावळी, कोणी कोणाचा गर्व उतरवला, कोण कोणत्या शास्त्रात पारंगत होता, असा सगळा थाट. मग दानाची तिथी येते आणि तिच्या मागोमाग लेख थेट बाजारात उतरतो. गिऱ्हाईक, विकणारा, सुपारी, घाणा, पळी, माप. हा भाग जुन्या मराठीत आहे. ज्यांच्याकडून रोजची वसुली व्हायची होती, त्यांना कळेल अशा भाषेत तो कोरलेला आहे.

देवगिरीच्या यादव साम्राज्याचा इतिहास आपण बहुधा वरून खाली वाचतो. भिल्लम, जैत्रपाल, सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र, आणि १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खलजीची स्वारी. हा क्रम खरा आहे, पण त्यात साम्राज्य चालत कसे होते हे दिसत नाही. ते पाहायचे तर या मराठी ओळींपासून सुरुवात करून वर चढत जावे, असे मला वाटते.

पाटणे हे गाव चाळीसगावजवळ, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वरच्या डोंगरात पितळखोऱ्याची लेणी आहेत, आजूबाजूला आता गौताळ्याचे अभयारण्य आहे, आणि लोक तिथे जातात ते पाटणादेवीला. पाटण म्हणजे व्यापाराचे शहर. जंगलाने वेढलेल्या आजच्या या जागी एके काळी बाजारपेठ होती, तिच्यावर कर होते आणि त्या करांचे वाटेकरी होते, याचा पुरावा म्हणजे हा लेख. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. पेशाने डॉक्टर असलेल्या या माणसाला भारतीय ज्योतिषींच्या काळनिर्णयाचा ध्यास होता, आणि १८६५ साली आर्यभटापासून भास्कराचार्यापर्यंतच्या ज्योतिषींवर लिहिताना त्यांनी या लेखाचा आधार घेतला. पुढे कीलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या पहिल्या खंडात तो संपादून छापला, आणि मराठी कोरीव लेखांच्या अभ्यासात शं. गो. तुळपुळे यांनी त्याच्या मराठी भागाला मानाची जागा दिली.

लेखाचा विषय एक मठ आहे. तो बांधला चांगदेवाने. हा चांगदेव म्हणजे भास्कराचार्यांचा नातू आणि सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी. मठ कशासाठी, तेही लेख स्पष्ट सांगतो: भास्कराचार्यांनी रचलेल्या शास्त्राचा प्रसार व्हावा म्हणून. ‘सिद्धान्तशिरोमणी’ आणि त्यांचे इतर ग्रंथ, तसेच त्यांच्या वंशातल्या इतरांनी लिहिलेले ग्रंथ, या मठात नेमाने शिकवले जावेत, अशी त्याची इच्छा होती. देवळाला दान, ब्राह्मणांना अग्रहार, जैन बस्तीला जमीन, असे लेख त्या काळात शेकड्यांनी सापडतात. एका गणितज्ञाचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या संस्थेचा लेख ही फार दुर्मिळ गोष्ट आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग, पुढचे दोन ग्रहगणित आणि गोलाध्याय. ‘करणकुतूहल’ या पंचांगगणिताच्या ग्रंथातली गणिते शके ११०५ पासून, म्हणजे ११८३ पासून सुरू होतात. तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. त्यानंतर पंचविशीच्या आत नातवाने हा मठ उभा केलेला आहे. आजोबांना पाहिलेली माणसे तेव्हा पाटण्यात असतील, एवढे म्हणायला हरकत नाही.

घराणे शांडिल्य गोत्राचे. लेखात त्याची साखळी त्रिविक्रमापासून सुरू होते. त्याचा मुलगा भास्करभट्ट. भोजराजाने त्याला ‘विद्यापती’ ही पदवी दिली. पुढे गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, आणि महेश्वराचे पुत्र भास्कराचार्य. त्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याच्याविषयी लेख एक छोटीशी गोष्ट सांगतो आणि मला ती फार बोलकी वाटते: सगळ्या शास्त्रांत निपुण आहे हे जाणून जैत्रपाल यादवाने त्याला या नगरातून नेले आणि आपल्या पंडितांचा प्रमुख केले. ‘या नगरातून’. म्हणजे लेख जिथे उभा आहे, तिथून. विद्वान घराणे पाटण्याचे, राजधानी देवगिरी, आणि मधला रस्ता एका राजाच्या बोलावण्याचा. लक्ष्मीधर गेला आणि त्याचा मुलगा चांगदेव राजज्योतिषी झाला, पण मठ बांधायची वेळ आली तेव्हा त्याने पाटणेच निवडले.

आता दाता. तो यादव सम्राट नव्हे. दाता आहे सोइदेव, निकुंभ घराण्याचा, यादवांचा मांडलिक. सोळाशे गावांचा मुलूख हे घराणे सांभाळत असे. पाटण्याशी त्यांचे नाते यादवांपेक्षा जुने होते. तिथल्याच महादेवाच्या देवळात शके १०७५ चा, म्हणजे ११५३ चा निकुंभांचा लेख आहे. इंद्रराजाने सुरू केलेले देऊळ त्याच्या मागे राणी श्रीदेवीने पुरे केले, कारण मुलगा गोवन अजून लहान होता. तेव्हा देवगिरीत यादवांची राजधानी व्हायची होती. भिल्लमाने चालुक्यांचे वर्चस्व झुगारून स्वतंत्र राज्य उभे केले ते ११८५ नंतरच्या दोन-चार वर्षांत. वरचा सम्राट बदलला, गावचे निकुंभ तेच राहिले. खाली रुजलेली घराणी जागच्या जागी ठेवून वरून त्यांना आपल्या नावाखाली घ्यायचे, ही त्या काळच्या साम्राज्यांची रीत होती. सिंघणाचे नाव लेखात सन्मानाने आहे, पण दानाचे पाणी सोडणारा हात सोइदेवाचा आहे.

ते पाणी कधी सोडले? लेख सांगतो: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. इथे एक अडचण आहे. शके ११२८ ला क्षय संवत्सर येतो, प्रभव त्याच्या पुढच्या वर्षी. साठ संवत्सरांच्या चक्रात क्षय शेवटचा आणि प्रभव पहिला. शकाचा आकडा आणि संवत्सराचे नाव यांत एका वर्षाची तफावत असे अनेक कोरीव लेखांत आढळते. अशा वेळी संवत्सराचे नाव अधिक भरवशाचे मानतात, कारण पाडव्याला नव्या संवत्सराचे नाव कानावर पडलेले असते, आकड्यात मात्र गत आणि वर्तमान वर्षांचा घोटाळा सहज होतो. त्या हिशेबाने तारीख येते ९ ऑगस्ट १२०७.

सोइदेवाने हे दान सर्व लोकांच्या समक्ष, हातावर पाणी घालून दिले. ज्याला दिले तो मठ त्याच्या गुरूने उभारलेला. म्हणजे चांगदेव हा सोइदेवाचा गुरू. ग्रहणकाळी दान देणे हा सर्वत्र पाळला जाणारा धर्म, त्यात विशेष काही नाही. पण इथे जरा थांबावेसे वाटते. ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या ग्रहगणितात चंद्रग्रहणावर स्वतंत्र अधिकार आहे: स्पर्श केव्हा, मध्य केव्हा, मोक्ष केव्हा, हे काढण्याची रीत त्यात दिली आहे. त्या रात्री ग्रहण किती वाजता लागणार हे पाटण्यात कोणी सांगितले असेल? नातवाने आजोबांच्या ग्रंथावरून वेळ काढली आणि त्याच वेळी त्या ग्रंथाच्या अध्यापनासाठी पाणी सुटले. हा तर्क माझा आहे, लेखात तसे शब्द नाहीत. पण राजज्योतिषी समोर उभा असताना वेळ दुसऱ्या कोणी काढली असेल, हे मानणेच जास्त अवघड आहे.

आता त्या मराठी ओळींकडे येऊ.

पहिले दान असे. या पाटणात जे काही ‘केणें’ विक्रीला उघडले जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजकुलाला जे उत्पन्न येत होते, ते मठाला दिले. केणें म्हणजे विक्रीचा माल. राजकुलासाठी लेखात ‘राउल’ शब्द येतो. आज कोकणात राऊळ म्हटले की देऊळ डोळ्यांसमोर येते. त्या काळी राजाचे घर आणि त्याचा खजिना हा त्याचा अर्थ अगदी जिवंत होता. म्हणजे सत्तेने आपला हक्क सोडला.

दुसरे दान ब्राह्मणांचे. विकणाऱ्याकडून ब्राह्मणांना ‘ब्रह्मोत्तर’ मिळत असे. ते त्यांनी मठाला दिले. एरवी दानपत्रांत ब्राह्मण घेणारे असतात. इथे ते देणारे आहेत, आपल्या मिळकतीतला वाटा एका शाळेसाठी सोडणारे.

तिसरे दान नगराचे. गिऱ्हाइकाकडून एका आसूमागे दामाचा विसावा भाग नगराने दिला. आसू आणि दाम ही नाणी. ‘नगराने दिला’ या दोन शब्दांत खूप काही आहे. नगर ही देणारी संस्था होती, तिचा स्वतःचा असा वाटा होता आणि तो देण्याचा अधिकार तिला होता. राजाने आपला दिला, ब्राह्मणांनी आपला दिला, नगराने आपला दिला. एकाच विक्रीवर तीन वेगवेगळ्या हक्कदारांचे हात होते आणि कोणीही दुसऱ्याचा हक्क परस्पर दान केला नाही. सोइदेव सत्ताधीश असूनही ब्राह्मणांचे ब्रह्मोत्तर त्याने दिले नाही, नगराचा विसावा भागही दिला नाही. ज्याचे होते त्यालाच ते द्यावे लागले. यादवांच्या राज्यातली हक्कांची घडण मला कुठल्याही प्रशस्तीपेक्षा या तीन वाक्यांत जास्त स्वच्छ दिसते.

दामाचा विसावा भाग म्हणजे किती? याचे उत्तर मठातल्याच पाठात होते. ‘लीलावती’च्या आरंभी नाण्यांचे कोष्टक आहे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. दाम हा शब्द द्रम्मावरूनच आला. हिशेब केला तर एका द्रम्माच्या १२८० कवड्या होतात आणि त्याचा विसावा भाग ६४ कवड्या. पाटण्याच्या बाजारातला प्रत्यक्ष दर याहून थोडा वेगळा असू शकेल, पण पद्धत हीच. आत ओसरीवर विद्यार्थी काकिणी-पण-द्रम्माचे कोष्टक घोकत बसले आहेत आणि बाहेर वाण्याच्या दुकानावर त्याच द्रम्माचा विसावा भाग त्यांच्या नावाने बाजूला निघतो आहे. ‘लीलावती’त त्रैराशिक आहे, व्याजाचे हिशेब आहेत, मालाच्या बदल्यात माल घेण्याची रीत आहे. या बाजारालाच लागणारे हे गणित होते.

मग बारीक बाबी येतात आणि लेख अधिकाधिक घरगुती होत जातो. बाहेरच्या मालाला वेगळा दर. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळी. पोफळ म्हणजे सुपारी. खानदेशच्या कोरड्या मुलखात पोफळीच्या बागा नाहीत, तेव्हा ही सुपारी बहुधा कोकणातून किंवा कर्नाटकातून, घाट चढून बैलांच्या पाठीवरून आली असणार. एवढ्या लांबून आलेल्या मालातून प्रत्येक गिऱ्हाइकामागे पाचच सुपाऱ्या काढल्या जात, आणि तेवढ्याही मोजून लिहिल्या गेल्या.

पुढे घाण्याचे. पहिल्या घाण्याची ‘लोटी’ मठाला, आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे एकेक पळी तेल. लोटी, पळी, घाणा. आठशे वर्षांत या शब्दांना काही झालेले नाही. आजही स्वयंपाकघरात फोडणीला तेल पळीनेच घालतो. तेल्याकडून काही एक निश्चित रक्कम किंवा वर्षाचा आकडा लेखकाने लिहिला नाही. ‘जितके घाणे वाहतील’ असे म्हटले. घाणे वाढले की मठाचे तेल वाढणार, दुष्काळात घाणे बसले की मठाचेही तेल कमी होणार. ज्याने हे ठरवले त्याला धंद्याचे चढउतार ठाऊक होते. आणि तेल कशासाठी हे लेखात लिहिलेले नसले, तरी तारे पाहून गणित करणारी माणसे रात्री दिव्यापाशी बसत, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी माप. इथे जे काही मोजले जाईल ते मठाच्या मापाने मोजावे, आणि मोजणीचे जे शुल्क येईल त्यातले अर्धे मठाला, अर्धे माप घालणाऱ्याला, ‘मापहारी’ला. हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचतो. बाजारात प्रमाण माप कोणाचे, हा प्रश्न नेहमीच भांडणाचा असतो. पायली मोठी की लहान, भरताना शीग ठेवायची की काठोकाठ भरायची, यावर तंटे होतात. पाटण्यात तो अधिकार एका गणितज्ञाच्या नावाने चाललेल्या मठाकडे आला. पैशाबरोबर हा विश्वासही दानात दिला गेला. नंतर रुप्यावरच्या ‘सुंका’चा उल्लेख येतो. हा शब्द पुढे मराठीतून बहुतेक गेला आणि त्याच्या जागी जकात आली. त्यानंतर लेख जमिनीच्या दानाकडे वळतो.

लेखात सोइदेवाचा धाकटा भाऊ हेमाडिदेव याचेही नाव आहे. राजा कोण हे बदलत राहिले तरी दान चालू राहावे, याची काळजी असे लेख घेत. चांगदेवाच्या घराण्याचीही विद्या पुढे चालली. भास्कराचार्यांचे बंधू श्रीपती. त्यांचा नातू अनंतदेव हाही सिंघणाचा ज्योतिषी होता. त्याने चाळीसगावजवळच्याच बहाळ गावी भवानीचे देऊळ बांधले. तिथला लेख शके ११४४ चा, म्हणजे १२२२ चा आहे. ब्रह्मगुप्ताच्या आणि वराहमिहिराच्या ग्रंथांवर अनंतदेवाने टीका लिहिल्याचे तो सांगतो. एका घराण्यातले दोन चुलत नातू, एकाच मुलखात, पंधरा वर्षांच्या अंतराने, एक मठ आणि एक देऊळ.

याच्या शेजारी आता दुसऱ्या प्रकारचे कागद ठेवून पाहू. यादवांची दरबारी बाजू आपल्याला मुख्यतः प्रशस्त्यांतून कळते. महादेव आणि रामचंद्र यांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख, हेमाद्री याने आपल्या व्रतखंडाच्या आरंभी यादवांचा वंश दिला आहे, आणि रा. गो. भांडारकरांनी दख्खनचा प्राचीन इतिहास लिहिताना त्याचा फार उपयोग केला. वंशक्रमासाठी तो अमोल आहे. पण दरबारी लेखणीच्या मर्यादा लक्षात घ्याव्या लागतात. बीड जिल्ह्यातल्या पुरुषोत्तमपुरीचे ताम्रपट शके १२३२ चे, म्हणजे १३१० चे आहेत. त्यांत रामचंद्राच्या पराक्रमाची मोठी वर्णने आहेत, अगदी वाराणसीपर्यंतच्या विजयाची. ते कोरले गेले तेव्हा अल्लाउद्दीनची स्वारी होऊन चौदा वर्षे झाली होती, त्याचा सेनापती मलिक काफूर याने राजाला दिल्लीला नेऊन आणले होते आणि देवगिरी खंडणी भरत होती. ताम्रपट यातले काही सांगत नाही. त्यात गावे दान दिल्याचा जो व्यवहार आहे तो खरा मानायला हरकत नाही. श्लोकांकडे मात्र तसे पाहता येत नाही. एकाच पत्र्यावर दोन प्रकारची सत्ये असतात आणि वाचणाऱ्याला ती निरनिराळी करावी लागतात. पाटण्याच्या लेखालाही हाच नियम लावायला हवा: सिंघणाच्या स्तुतीपाशी जपून, तेलाच्या पळीपाशी निर्धास्त. स्तुती खोटी ठरली तरी कोणाचे नुकसान नव्हते. पळीचा आकडा चुकला असता तर दुसऱ्या दिवशी तेली भांडायला आला असता.

पंढरपूरचा ‘चौऱ्यांशीचा’ शिलालेख याच जातीचा आहे. शके ११९५ ते ११९९ या काळात विठ्ठलाच्या देवळाला कोणी काय दिले याची ती यादी. त्यात हेमाडी पंडित, म्हणजे वरचा हेमाद्री, आहे आणि खुद्द रामचंद्रही आहे. राजाचा उल्लेख ‘पंढरीच्या फडाचा मुख्य’ म्हणून येतो. त्याच दगडावर, त्याच ओळीने, कुठले गाव, कुठला माणूस, किती गद्याण नाणी, अशा साध्या नोंदी येतात. देवगिरीच्या दरबारात सम्राटाच्या बरोबरीने यांतले कोणी बसले नसते. देणगीच्या दगडावर ते बसले, आणि त्यामुळे आपल्याला त्यांची नावे तरी कळतात.

पाटण्याच्या दगडावर तेवढेही झाले नाही. सम्राटाचे नाव आहे, मांडलिकाचे आहे, गुरूचे आणि त्याच्या सात-आठ पिढ्यांचे आहे. गिऱ्हाईक, विकणारा, तेली आणि मापहारी यांचा उल्लेख केवळ त्यांच्या कामाने होतो. मठाचे माप हातात धरून दिवसभर धान्य मोजणारा तो मापहारी संध्याकाळी शुल्काचे दोन सारखे ढीग करत असेल, एक मठात पोचवायचा, एक घरी न्यायचा.